नोंदवही स्वतःच्या खिशात नको

प्रोग्रामला काही सांगायचे असेल तर त्याने ते आपल्याच फोल्डरमधल्या फाइलीत लिहावे, संगणकाच्या सिस्टिम लॉगशी त्याचे काय काम? बिलिंगची, पतसंस्थांची, भुईकाट्यांची सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या आणि गावोगावी बसवून देणाऱ्या मंडळींत हे मत इतके मुरले आहे की त्यावर वाद होऊ शकतो हेच कोणाच्या ध्यानात येत नाही. त्याच्या बाजूने पाच कारणे पुढे केली जातात. स्वतःची फाइल सुटसुटीत असते. सिस्टिम लॉग ही सर्व्हर सांभाळणाऱ्यांची जुनाट भानगड आहे. तिकडे पाठवलेले संदेश वाटेत हरवतात. आता क्लाउडचा जमाना आहे, नुसते स्क्रीनवर छापले की भागते. आणि शेवटचे, जरा दमदार: लॉगमध्ये जितके लिहाल तितकी गुपिते उघडी पडतील. या पाचांपैकी शेवटच्या कारणात तथ्य आहे, तिसऱ्यात अर्धेमुर्धे आहे. उरलेली तीन सोयीची आहेत, एवढेच.

मनमाडमध्ये बसून हा वाद घातला तर ‘आपली नोंद आपल्याजवळ’ ही बाजू सुरुवातीलाच लंगडी पडते. मुंबई-भुसावळ हा मुख्य मार्ग, दौंडकडे जाणारा फाटा आणि छत्रपती संभाजीनगरवरून सिकंदराबादकडे जाणारा फाटा या जंक्शनात एकत्र येतात. २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेला ३०९ किलोमीटरचा मनमाड-इंदूर मार्ग पुरा झाला की त्यांत आणखी एकाची भर पडेल. इतक्या दिशांच्या गाड्या एका यार्डातून काढायच्या, तर काय घडले हे कोणा एकाच्या आठवणीवर सोडून चालत नाही. म्हणूनच भारतीय रेल्वेत गाड्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा ट्रेन सिग्नल रजिस्टरमध्ये चढवण्याची शिस्त आहे. शेजारच्या स्टेशनाकडून किंवा गेटमनकडून हमी घेताना प्रायव्हेट नंबर घ्यायचा आणि तो लिहून ठेवायचा, हा नियम आहे. चुकलेली नोंद खोडरबराने पुसायची नाही. तिच्यावर रेघ मारायची, बरोबर नोंद लिहायची आणि सही करायची. एका टोकाच्या माणसाला नोंद गुपचूप फिरवता येऊ नये, असा या सगळ्याचा रोख.

रजिस्टराच्या जोडीला पुढे डेटा लॉगर आला. लखनौची आरडीएसओ, म्हणजे रेल्वेची संशोधन आणि मानके ठरवणारी संस्था, हिने त्याचे मानक आखून दिले आहे. सिग्नल आणि पॉइंट यांची सांगड घालणारी इंटरलॉकिंग यंत्रणा वेगळी आणि तिच्या रिलेंची उघडझाप पाहून ती वेळेसकट टिपणारे हे यंत्र वेगळे. डेटा लॉगर सिग्नल देत नाही, पॉइंट फिरवत नाही. गाडी चालवण्याच्या निर्णयात त्याला मत नाही. इंटरलॉकिंग बिघडले तर बिघाडाची हकिकत सांगणारा कोणीतरी शाबूत राहावा म्हणून तो बाजूला बसलेला असतो.

सिस्टिम लॉगमागचा विचार हाच आहे. काम करणारा एक, लिहून ठेवणारा दुसरा.

युनिक्सच्या जगात ही व्यवस्था १९८०च्या दशकात आली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथे एरिक ऑलमन सेंडमेल हा टपाल पोचवणारा प्रोग्राम लिहीत होते, त्या प्रकल्पाचा भाग म्हणून सिसलॉग जन्माला आले. मग इतर प्रोग्रामांनीही तेच वापरायला सुरुवात केली. चालत आलेल्या पद्धतीचे वर्णन ऑगस्ट २००१ मध्ये आरएफसी ३१६४ या दस्तऐवजात झाले आणि मार्च २००९ मध्ये राइनर गेरहार्ड्स यांनी लिहिलेल्या आरएफसी ५४२४ ने त्याला रीतसर मानकाचे रूप दिले. प्रोग्रामने करायचे काम अगदी थोडे आहे. आपले नाव सांगायचे, संदेश कोणत्या खात्यातला आहे ते सांगायचे, तो किती गंभीर आहे ते सांगायचे आणि मजकूर हवाली करायचा. फाइल कुठे उघडायची, ती किती वाढू द्यायची, जुनी कधी मोडीत काढायची, दुसऱ्या यंत्राकडे प्रत पाठवायची का, हे सारे लॉग सांभाळणारी सेवा पाहते.

गांभीर्याच्या आठ पायऱ्या ठरलेल्या आहेत. शून्य म्हणजे यंत्रच वापरण्याजोगे उरले नाही, एक म्हणजे तातडीने हात घाला, दोन म्हणजे गंभीर, तीन म्हणजे चूक, चार म्हणजे इशारा, पाच म्हणजे लक्ष द्यावे असे नित्याचे, सहा म्हणजे माहिती, सात म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या तपासणीपुरते. खात्यांचेही क्रमांक आहेत. टपाल, छपाई, कर्नल (म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) अशी काही खाती आधीच वाटून दिलेली आहेत आणि लोकल-शून्य ते लोकल-सात ही आठ खाती आपल्या मनाप्रमाणे वापरायला मोकळी ठेवली आहेत. खात्याच्या क्रमांकाला आठाने गुणायचे आणि त्यात पायरी मिळवायची. लोकल-शून्यचा क्रमांक १६, चुकीची पायरी ३, म्हणजे संदेशाच्या माथ्यावर १३१ हा आकडा येतो. इतक्या साध्या हिशोबावर चाळीसएक वर्षे जगभरची यंत्रे एकमेकांना आपली दुखणी कळवत आली आहेत.

आता पहिले कारण, स्वतःच्या फाइलीच्या सुटसुटीतपणाचे. प्रोग्राम धडधाकट असेतोवर ते खरे वाटते. पण लॉगची गरज पडते ती प्रोग्राम कोसळल्यावर. लिनक्सवर मेमरी संपली की कर्नल एखाद्या प्रोग्रामला थेट ठार करतो. ज्या सिग्नलने तो मारतो तो प्रोग्रामला अडवता येत नाही, त्यामुळे शेवटची ओळ लिहायलाही उसंत मिळत नाही. त्याची स्वतःची फाइल मध्येच थांबते आणि कारणाबद्दल अवाक्षर बोलत नाही. सिस्टिम लॉगमध्ये मात्र कर्नलने लिहून ठेवलेले असते की मेमरी संपली होती आणि अमुक क्रमांकाच्या प्रोग्रामला मारावे लागले. विंडोजवरही तसेच. वीज गेली आणि यंत्र अचानक बंद पडले तर पुन्हा सुरू होताना सिस्टिम लॉगमध्ये ६००८ क्रमांकाची नोंद पडते: मागचे बंद होणे अनपेक्षित होते. बिलिंगच्या प्रोग्रामला बिचाऱ्याला हे माहीतच नसते.

सुटसुटीतपणाचा दुसरा तोटा क्रमाचा आहे. समजा एखाद्या पतसंस्थेच्या संगणकावर डेटाबेसने ‘फाइल वाचता आली नाही’ अशी तक्रार आपल्या फाइलीत लिहिली. बसवून देणारा येतो, डेटाबेस दुरुस्त करतो, बिल लावतो आणि जातो. आठवड्याने तीच तक्रार पुन्हा. दोन्ही नोंदी एकाच लॉगमध्ये असत्या तर डेटाबेसच्या तक्रारीच्या दोन सेकंद आधी कर्नलने हार्ड डिस्कच्या बिघाडाबद्दल केलेली ओरड दिसली असती, आणि दुरुस्ती डेटाबेसची नव्हे तर डिस्कची करायची आहे हे पहिल्या खेपेलाच कळले असते. वेगवेगळ्या प्रोग्रामांच्या वेगवेगळ्या फाइली, प्रत्येकीत तारीख लिहिण्याची तऱ्हा निराळी; त्यांतून घटनांचा क्रम जुळवणे म्हणजे डोकेदुखी. सगळे एकत्र कालवले जाते ही तक्रारही टिकणारी नाही. आरसिसलॉग किंवा सिसलॉग-एनजी या लॉग सांभाळणाऱ्या सेवांना नावावरून, खात्यावरून किंवा पायरीवरून संदेश वेगळे काढायला सांगता येते. ज्याला आपल्या प्रोग्रामची स्वतंत्र फाइल हवीच आहे त्याला ती तिथूनही मिळते. एकत्र लॉगमधून वेगळी फाइल काढणे दोन ओळींचे काम आहे. उलटा प्रवास फार महागात पडतो.

दुसरे कारण जुनाटपणाचे. जुने असणे हा दोष ठरवायचा तर सी भाषाही टाकून द्यावी लागेल. सिस्टिम लॉगला संदेश पाठवण्याची सोय युनिक्स-लिनक्सवरच्या सी लायब्ररीत आहे, पर्ल, पीएचपी आणि पायथॉनमध्ये आहे. शेलमध्ये तर ‘लॉगर’ नावाची आज्ञा आहे. रात्रीचा बॅकअप घेणाऱ्या चार ओळींच्या स्क्रिप्टलाही ‘बॅकअप झाला’ किंवा ‘बॅकअप फसला’ हे एका ओळीत सिस्टिम लॉगला कळवता येते. हे सारे सर्व्हरवाल्यांपुरते आहे हेही खरे नाही. १९९३ मध्ये विंडोज एनटी आले तेव्हापासून विंडोजमध्ये इव्हेंट लॉग आहे. दुकानाच्या गल्ल्याशेजारच्या संगणकावर तो आजही चालू असतो, फक्त तिथले प्रोग्राम त्याच्याशी बोलत नाहीत.

जुनाट म्हणून हिणवल्या जाणाऱ्या त्या आठ पायऱ्या नसल्या तर काय होते, याचा अमेरिकेतला दाखला बोलका आहे. १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीच्या प्रोग्रामने सुमारे ४५ मिनिटांत नको ते सौदे करून कंपनीला ४० कोटी डॉलरहून अधिक बुडवले. अमेरिकी बाजार नियामकाने नंतर दिलेल्या आदेशात नोंदवले आहे की बाजार उघडण्याआधीच कंपनीच्या अंतर्गत यंत्रणेने या बिघाडाकडे बोट दाखवणारे ९७ ईमेल कर्मचाऱ्यांच्या एका गटाला धाडले होते. ते ईमेल धोक्याची सूचना म्हणून आखलेलेच नव्हते, त्यामुळे कोणी त्यांवर हालचाल केली नाही. संदेश गेला होता, ९७ वेळा गेला होता. त्याच्या माथ्यावर ‘तातडीने हात घाला’ हा दर्जा नव्हता आणि त्या दर्जाकडे पाहणारी यंत्रणाही नव्हती. आपल्याच फाइलीत ‘एरर’ असे लिहून मोकळ्या होणाऱ्या प्रोग्रामची गत यापेक्षा वेगळी नसते.

तिसरे कारण संदेश हरवण्याचे. यात तथ्य आहे, पण ते जिथले आहे तिथेच ठेवायला हवे. सिसलॉगचे जुने वळण नेटवर्कवर यूडीपीने, ५१४ क्रमांकाच्या पोर्टवर संदेश सोडण्याचे होते. यूडीपी पोचपावती मागत नाही, त्यामुळे गर्दीत संदेश गळतात. शिवाय पाठवणारा कोण याची खातरजमा नाही, आणि आरएफसी ३१६४ मधल्या तारखेत साल नाही की टाइम झोन नाही. हे दोष खरे आहेत आणि त्यांवर उपायही कधीच झाले आहेत. आरएफसी ५४२४ मध्ये तारीख सालासकट आणि टाइम झोनसकट येते. त्याच वर्षीच्या आरएफसी ५४२५ ने संदेश टीएलएसच्या कुलुपात ६५१४ पोर्टवरून पाठवण्याची रीत घालून दिली. समोरचे यंत्र बंद असेल तर आरसिसलॉग संदेश डिस्कवरच्या रांगेत थोपवून धरू शकते. आणि मूळ मुद्दा: एकाच यंत्रावरचा प्रोग्राम त्याच यंत्राच्या लॉगला संदेश देतो तेव्हा तो नेटवर्कवर जातच नाही, यंत्रातल्या यंत्रात एका सॉकेटमधून जातो. मनमाडच्या एखाद्या भुईकाट्यावरच्या एकुलत्या एक संगणकाला यूडीपीच्या गळतीची भीती घालणे म्हणजे नसती धास्ती.

खरी गळती निराळ्या ठिकाणी असते आणि तिच्याबद्दल हे आक्षेपक सहसा बोलत नाहीत. आजच्या बहुतेक लिनक्स यंत्रांवर सिस्टिमडीची जर्नल नावाची सेवा लॉग गोळा करते. जर्नल कायम ठेवण्यासाठीचे फोल्डर यंत्रावर नसेल तर ‘ऑटो’ या सेटिंगमध्ये ती सगळ्या नोंदी मेमरीत ठेवते आणि यंत्र पुन्हा सुरू झाले की त्या पुसल्या जातात. ज्या गावात वीज जाते तिथे याचा अर्थ वेगळा सांगायला नको. विंडोजच्या ॲप्लिकेशन लॉगला मुळात २० एमबीच जागा दिलेली असते, ती भरली की जुन्या नोंदींवर नव्या चढतात. फोल्डर तयार करणे आणि मर्यादा वाढवणे ही दोन्ही कामे काही मिनिटांची आहेत. ती न करता ‘सिस्टिम लॉगवर भरवसा नाही’ म्हणणे हा कांगावा झाला.

चौथे कारण सर्वांत आधुनिक दिसते. नवे प्रोग्राम कंटेनरमध्ये चालतात, त्यांनी फक्त स्टँडर्ड आउटपुटवर ओळी छापाव्यात असे ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप’ ही सर्वमान्य मार्गदर्शिका सांगते. मग सिस्टिम लॉग हवाच कशाला? हा दाखला देणाऱ्यांनी ती मार्गदर्शिका अर्धीच वाचली आहे. हेरोकू कंपनीतल्या अनुभवातून आलेली ती मांडणी म्हणते की लॉग कुठे जावा आणि कुठे साठावा याची उठाठेव प्रोग्रामने करूच नये, त्याने ओळींचा प्रवाह सोडावा आणि भोवतालच्या व्यवस्थेने तो झेलावा. म्हणजे प्रोग्रामने स्वतःच्या फाइली सांभाळू नयेत. सिस्टिम लॉगची बाजू यापेक्षा वेगळे काय सांगते? सिस्टिमडीखाली चालणाऱ्या सेवेने स्क्रीनवर छापलेली ओळ जर्नलमध्येच जाते. ओळीच्या सुरुवातीला टोकदार कंसात तीनचा आकडा घातला तर जर्नल तिला चुकीच्या पायरीवर बसवते. डॉकरलाही लॉग सिसलॉगकडे किंवा जर्नलकडे वळवायला सांगता येते. तसे सांगितले नाही तर ओळी कंटेनरच्या फाइलीत साठतात, आणि कंटेनर काढून टाकला की त्याही जातात. तेव्हा छापणे ही सुरुवात झाली. छापलेले कोण झेलतो, याचे उत्तर दिल्याशिवाय ‘छापले की भागते’ म्हणता येत नाही.

पाचवे कारण मान्यच करायला हवे. मे २०१८ मध्ये ट्विटरने आपल्या सर्व वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याचा सल्ला दिला, कारण पासवर्ड झाकले जाण्याआधीच अंतर्गत लॉगमध्ये उघडे लिहिले जात होते. मार्च २०१९ मध्ये फेसबुकनेही कोट्यवधी पासवर्ड अंतर्गत साठ्यात वाचता येण्याजोगे राहिल्याची कबुली दिली. डिसेंबर २०२१ मध्ये तर लॉगिंगची लायब्ररीच चोरवाट ठरली. जावा प्रोग्रामांत सर्रास वापरली जाणारी लॉग-फोर-जे ही लायब्ररी लॉगमध्ये आलेल्या मजकुराचा अर्थ लावत बसायची, आणि बाहेरच्याने धाडलेली एक वाकडी ओळ नोंदवताना परक्याचा कोड चालवून मोकळी व्हायची. सी भाषेतल्या सिसलॉगलाही असलाच जुना सापळा आहे. वापरणाऱ्याने टाइप केलेला मजकूर थेट साचा म्हणून दिला तर त्यातली टक्क्याची चिन्हे घात करतात, म्हणून साचा आपला ठेवायचा आणि मजकूर त्यात भरायचा.

पण या दाखल्यांतून निघतो तो निष्कर्ष वेगळा आहे. काय लिहू नये हे ठरवा, असे ते सांगतात. पासवर्ड, ओटीपी, आधार क्रमांक, कार्डाचा पूर्ण क्रमांक लॉगमध्ये जाता कामा नये. खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे पुरतात. हा नियम स्वतःच्या फाइलीलाही तितकाच लागू आहे. उलट स्वतःच्या फाइलीत धोका अधिक, कारण ती बहुधा कोणत्याही वापरकर्त्याला नोटपॅडमध्ये उघडता येते. सिस्टिम लॉग कोणी वाचावा, यावर निदान संगणकाची परवानगीची चौकट असते.

इतका वेळ सोयीगैरसोयीची चर्चा झाली. स्वतःच्या फाइलीविरुद्धचा खरा मुद्दा सोयीचा नाही, विश्वासाचा आहे. मनमाडच्या बाजार समितीत कांदा येतो, अन्न महामंडळाच्या गोदामांत धान्य येते. मालाचे मोल वजनावर ठरते आणि जिथे तिथे वजनाचा आकडा आता संगणकाच्या पडद्यावर उमटतो. समजा एखाद्या शेतकऱ्याने म्हटले की पावतीवरचे वजन नंतर बदलले. वजनकाट्यावर वैधमापन विभागाचे सील असते. पण आकडा नोंदवणारा प्रोग्राम आपल्या दुरुस्त्या आपल्याच फाइलीत लिहीत असेल आणि ती फाइल काटेवाल्याच्या हाताखालच्या फोल्डरमध्ये असेल, तर त्या फाइलीने शेतकऱ्याची खात्री पटत नाही आणि प्रामाणिक काटेवाल्याचीही सुटका होत नाही. तोच प्रोग्राम प्रत्येक दुरुस्ती इव्हेंट लॉगला कळवत असेल तर चित्र बदलते. इव्हेंट लॉगमधली एकच ओळ निवडून बदलण्याची सोय विंडोज देत नाही. कोणी सबंध लॉगच रिकामा केला तर ‘लॉग रिकामा केला’ अशी १०४ क्रमांकाची नवी नोंद सिस्टिम लॉगमध्ये पडते. लिनक्सच्या जर्नलमध्ये याच्याही पुढची एक तरतूद आहे. प्रोग्रामने स्वतःचे नाव काहीही सांगितले तरी त्याचा प्रक्रिया क्रमांक आणि तो कोणत्या वापरकर्त्याच्या नावाने चालला होता, हे जर्नल कर्नलकडून विचारून घेते आणि स्वतः लिहिते. त्या रकान्यांत प्रोग्रामला हात घालता येत नाही.

नोंद ठेवणाराच नोंदीचा धनी असला की काय होते, हे ब्रिटनच्या टपाल खात्याने जगाला दाखवले. फुजित्सूने पुरवलेल्या होरायझन या हिशोब प्रणालीतल्या तुटींवरून १९९९ ते २०१५ या काळात ९००हून अधिक उपडाकपालांना चोरी, अफरातफर अशा गुन्ह्यांत दोषी ठरवण्यात आले. ‘संगणक म्हणतो तूट आहे’ एवढ्यावर माणसे तुरुंगात गेली. डिसेंबर २०१९ च्या निकालात न्यायमूर्ती फ्रेझर यांनी प्रणालीत दोष होते आणि पुरवठादाराचे लोक दूरवरून शाखांच्या हिशोबात बदल करू शकत होते हे मान्य केले. उपडाकपालांच्या हाती स्वतःची अशी नोंद नव्हती. नोंदी होत्या, पण त्या आरोप करणाऱ्याच्या आणि त्याच्या पुरवठादाराच्या ताब्यात होत्या. अखेर मे २०२४ मध्ये ब्रिटिश संसदेला कायदा करून त्यांतल्या बहुतेक शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

उलट बाजूचा दाखला १९८६ चा आहे. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टॉल यांना संगणक वापराच्या हिशोबात ७५ सेंटची तफावत आढळली. दोन वेगळे प्रोग्राम तोच हिशोब ठेवत होते म्हणूनच ती दिसली. घुसखोर संगणकातले लॉग पुसू शकतो हे ओळखून स्टॉल यांनी बाहेरून येणाऱ्या फोन लाइनींना प्रिंटर जोडले. घुसखोर ज्या संगणकात शिरला होता त्याच्याशी त्या प्रिंटरांचा संबंध नव्हता, त्यामुळे त्याची प्रत्येक आज्ञा कागदावर उतरत गेली आणि त्याला पत्ताही लागला नाही. माग थेट जर्मनीतल्या हॅनोव्हरपर्यंत पोचला. आज कागदाची गरज नाही. लॉगची प्रत त्याच क्षणी दुसऱ्या यंत्रावर पाठवली की तेच साधते.

महाराष्ट्रालाही या धड्याची किंमत माहीत आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी रुपयांहून अधिक रक्कम पळवली गेली, त्यातली बरीचशी २८ देशांतल्या एटीएममधून. चोरांनी एटीएमचा खरा स्विच बाजूला सारून खोट्या स्विचकडून होकार वदवून घेतले आणि बँकेच्या मुख्य प्रणालीला विचारलेच नाही. अशा वेळी एका प्रोग्रामची नोंद कितीही नीटनेटकी असली तरी ती ‘सगळे ठीक’ म्हणत राहते. होकार किती गेले आणि मुख्य प्रणालीकडे विचारणा किती झाल्या, या दोन वेगळ्या ठिकाणच्या नोंदी शेजारी ठेवल्या तरच खोट दिसते.

सिस्टिम लॉगच्या समर्थकांनीही एक मर्यादा मोकळेपणाने सांगावी. २ जून २०२३ रोजी ओडिशातल्या बहानगा बाजार स्टेशनाजवळ कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल होता, आणि पॉइंट मात्र लूप लाइनकडे वळलेला होता. गाडी उभ्या मालगाडीवर आदळली, पाठोपाठ दुसरी एक्स्प्रेसही सापडली आणि २९०हून अधिक माणसे गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत दोष सिग्नलच्या तारांच्या जोडणीत निघाला, काही २०१८ चा आणि काही त्याच दिवशीच्या कामातला. जोडणी चुकलेली असेल तर रिले चुकीचे सांगतो आणि डेटा लॉगर इमानेइतबारे तेच लिहितो. लॉग हा जमिनीवरच्या वास्तवाचा आरसा नाही, त्याला जे सांगितले गेले त्याची ती नोंद आहे. प्रोग्रामच चुकीचा संदेश पाठवत असेल तर सिस्टिम लॉग त्याला खरे करू शकत नाही. तरीही कोणत्या क्षणी कोणता रिले काय म्हणत होता हे कळते, आणि तिथूनच सांगितलेले आणि घडलेले यांतले अंतर मोजता येते. बँकेचे व्यवहार किंवा वेबसाइटवरची प्रत्येक भेट यांचा अवाढव्य हिशोब सिस्टिम लॉगमध्ये ओतू नये, हीही मर्यादाच. त्यासाठी डेटाबेस आहेत, वेगळ्या फाइली आहेत. सिस्टिम लॉगला कळवायचे ते सुरू झालो, थांबलो, चुकलो, कोणी आत आले, कोणी काही बदलले.

राहिला कायदा. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली निर्देश काढले. सेवापुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी संस्था यांनी आपल्या सर्व संगणक यंत्रणांचे लॉग चालू ठेवावेत, ते मागच्या १८० दिवसांचे जपावेत, घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवावीत आणि सायबर घटना ध्यानात आल्यापासून सहा तासांत कळवावी. लहान आणि मध्यम उद्योगांना तयारीसाठी दिलेली मुदत २५ सप्टेंबर २०२२ रोजी संपली. दहा प्रोग्रामांच्या दहा फोल्डरांत विखुरलेल्या आणि घड्याळांचा मेळ नसलेल्या फाइलींतून सहा तासांत घटनेचा माग काढून दाखवणे कोणाला जमेल?

तेव्हा मनमाडच्या पतसंस्थांनी, आडत्यांनी, भुईकाटेवाल्यांनी आणि शाळांनी सॉफ्टवेअरचा देखभाल करार नव्याने करताना चार अटी लेखी घालाव्यात. प्रोग्रामने आपल्या चुका, दुरुस्त्या आणि लॉगिन संगणकाच्या सिस्टिम लॉगला योग्य पायरीने कळवावेत. संदेशात पासवर्ड किंवा ओटीपी कधीही नसावा. लॉग किमान १८० दिवस टिकेल इतकी जागा आणि तशी मांडणी असावी. आणि त्याची प्रत आपोआप दुसऱ्या एका यंत्रावर जावी, जिथे प्रोग्राम विकणाऱ्याचा पासवर्ड चालत नाही. यासाठी कोणतेही जादा सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही. लिनक्समध्ये आरसिसलॉग फुकट मिळते, विंडोजमध्ये नोंदी दुसऱ्या यंत्राकडे पाठवण्याची सोय मुळातच आहे. जो विक्रेता या चार अटींना नकार देईल त्याला कारण लिहून मागावे, आणि ते मिळाल्याशिवाय करारावर सही करू नये.